बिली रॉबिन्सन यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे एखाद्या मल्लाची थोरवी त्याने जिंकलेल्या पट्ट्यांवरून मोजायला गेले की हाती फारसे काही लागत नाही. इंग्लंडचे बिली रॉबिन्सन यांच्या बाबतीत तर हा मार्ग पूर्णपणे चुकीचा ठरतो. त्यांचा खरा कस पकड, पाय आणि कंबर यांच्या कामात दिसतो, आणि हे काम ओळखण्याची नजर कुस्तीचे मैदान पाहत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाकडे मुळातच असते. त्यांच्या लढती आणि त्यांचे शिष्य कोणत्या क्रमाने पाहावेत आणि पाहताना लक्ष कुठे ठेवावे, हे येथे सांगितले आहे.

सुरुवात विगनपासून करावी. रॉबिन्सन यांचा जन्म १९३८ साली मँचेस्टर येथे झाला. घरात मुष्टियुद्धाची परंपरा होती, पण लहानपणी डोळ्याला झालेल्या दुखापतीमुळे तो रस्ता बंद झाला आणि ते विगन या कोळसा खाणींच्या गावातील बिली रायली या वस्तादांच्या तालमीत दाखल झाले. ही तालीम ‘स्नेक पिट’ या नावाने ओळखली जाई आणि तेथे लँकशायरची ‘कॅच’ कुस्ती शिकवली जाई. आपल्या मातीतील कुस्तीत पाठ जमिनीला लागली की कुस्ती निकाली होते. कॅच कुस्तीत मात्र प्रतिस्पर्ध्याला नुसते उलटवून भागत नाही, त्याचे दोन्ही खांदे दाबून धरावे लागतात किंवा सांधा असा आवळावा लागतो की त्याने स्वतःहून हार मानावी. त्यामुळे खाली गेल्यानंतरची झुंज हाच या कुस्तीचा गाभा आहे. हा फरक मनात पक्का असल्याशिवाय रॉबिन्सन यांची एकही लढत नीट उलगडणार नाही.

यानंतर ब्रिटनमधील त्यांच्या लढतींचे जे चित्रण मिळेल ते पाहावे. तेथे लढत फेऱ्यांमध्ये विभागलेली असे, तीनपैकी दोन डाव (म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोनदा चीत करणे किंवा हार मानायला लावणे) जिंकावे लागत आणि नियम मोडणाऱ्याला पंच जाहीर ताकीद देत. या चौकटीत पकडीतून सुटण्याच्या कौशल्याला मोठा मान होता, म्हणून रॉबिन्सन पकड कशी घालतात यापेक्षा मनगट किंवा मान अडकल्यावर ते अंग कोणत्या दिशेला वळवतात, याकडे लक्ष द्यावे.

१९६८ साली ते जपानमध्ये इंटरनॅशनल रेसलिंग एंटरप्राइझ या संस्थेकडून लढू लागले. परदेशी मल्लाने खलनायक व्हायचे असा तेथील रिवाज असताना प्रेक्षकांनी या इंग्रजाला आपला नायक मानले. त्यांचा दुहेरी हातांचा सुप्लेक्स तेथे ‘मानवी पवनचक्की’ या नावाने गाजला. हा डाव संथ गतीने आणि पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. प्रतिस्पर्धी पुढे वाकलेला असतो, त्याचे डोके रॉबिन्सन यांच्या छातीखाली असते आणि त्याचे दोन्ही हात वरून काखेत अडकवलेले असतात. येथे नजर हातांवरून काढून कमरेवर न्यावी. रॉबिन्सन आधी गुडघ्यांत वाकून आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली नेतात, आणि मगच पाठीची कमान करून त्याला डोक्यावरून मागे फेकतात. उचलण्याचे सगळे काम पाय आणि कंबर करतात, हात केवळ बांधून ठेवतात. ढाक किंवा कलाजंग मारणारा मल्ल अंगाखाली कसा शिरतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील मर्म चटकन कळेल.

अमेरिकेतील वर्षे मात्र थोडक्यात आटोपली तरी चालतील. मिनियापोलिसचे मल्ल आणि आयोजक व्हर्न गान्या यांच्या एडब्ल्यूए (अमेरिकन रेसलिंग असोसिएशन) या संस्थेत ते बराच काळ लढले, पण तेथील त्यांचे मोठे काम रिंगणाबाहेरचे आहे. गान्या यांच्या शेतावरील प्रशिक्षणात त्यांच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये पुढे गाजलेले अमेरिकी मल्ल रिक फ्लेअर आणि पुढे ‘आयर्न शेख’ म्हणून प्रसिद्ध झालेले इराणचे खोसरो वझीरी हे दोघेही होते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ११ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान या सभागृहात जपानी मल्ल अंतोनियो इनोकी यांच्याशी झालेल्या लढतीला. माझ्या मते रॉबिन्सन यांची ही सर्वोत्तम लढत आहे, आणि एकच पाहायची असेल तर हीच पाहावी. साठ मिनिटांची मर्यादा आणि तीनपैकी दोन डाव अशी ही काटाजोड कुस्ती आहे. पहिला डाव चाळीस मिनिटे उलटून गेल्यावर रॉबिन्सन घेतात, वेळ संपत आली असताना इनोकी बरोबरी साधतात, आणि लढत बरोबरीत सुटते. ती एका बैठकीत न पाहता तीन भागांत पाहावी. पहिल्या वीस मिनिटांत वरवर काहीच घडत नाही असे वाटेल. तेव्हा कब्जा कोणाचा आहे आणि खालचा मल्ल कोणता हात मोकळा करू पाहतो आहे, एवढेच टिपावे. मधल्या भागात सुरुवातीला आवळलेल्या अवयवावरच पुन्हा हल्ला होतो का, हे तपासावे. शेवटच्या भागात दोघांचा दम आणि त्यामुळे बदलणारी उभे राहण्याची पद्धत पाहावी. इनोकी यांचे गुरू कार्ल गॉच हेही विगनच्या त्याच तालमीत घडले होते, त्यामुळे एका अर्थाने ही एकाच घराण्याच्या दोन शाखांची लढत आहे.

या घराण्याचा आपल्या उपखंडाशीही संबंध आला. १९७६ च्या डिसेंबरमध्ये कराचीत इनोकी यांनी गामा पहिलवानांच्या कुटुंबातील अक्रम पहिलवान यांचा हात ज्या डावाने निकामी केला, तो दुहेरी मनगट-बंध, म्हणजे दोन्ही हातांनी प्रतिस्पर्ध्याचा एक हात आवळून त्याचा खांदा पिळण्याचा डाव, कॅच कुस्तीच्या शिदोरीतलाच आहे.

अभ्यासाचा शेवटचा टप्पा शिष्यांचा. लढणे थांबवल्यानंतर रॉबिन्सन पुन्हा जपानला गेले आणि काझुशी साकुराबा यांच्यासारख्या मल्लांना त्यांनी कॅच कुस्ती शिकवली. साकुराबा पुढे निकाल आधी न ठरवता होणाऱ्या मिश्र लढतींमध्ये उतरले, आणि २००० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूचे लढवय्ये रेंझो ग्रेसी यांना त्याच दुहेरी मनगट-बंधाने हरवले. ही लढत इनोकी यांच्या लढतीनंतर लगेच पाहावी. बंध घालताना साकुराबा यांचा एक हात प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरतो आणि दुसरा त्याच्या दंडाभोवतून येऊन स्वतःच्याच मनगटावर बसतो. चित्रण तेथे थांबवून दोन्ही कोपर अंगाला किती चिकटलेले आहेत ते पाहावे, आणि मग रॉबिन्सन यांच्या जुन्या लढतींकडे परत जाऊन हीच ठेवण शोधावी.