गावात प्रोजेक्टर लावताना या चुका टाळा

मागच्या हंगामात आमच्या गावात बोंडअळीवर शेतकऱ्यांची सभा होती. मारुतीच्या देवळासमोर पडदा बांधला, लॅपटॉप जोडला, कामगंध सापळे कसे लावायचे त्याचा व्हिडिओ सुरू झाला. दहा मिनिटं झाली नाहीत तर लाईन गेली. थोड्या वेळानं परत आली, पण प्रोजेक्टर पेटेना, नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. "जळला वाटते," असं कुणीतरी म्हटलं आणि माणसं उठून गेली. प्रोजेक्टर धडधाकट होता. आतला लॅम्प तापलेला होता आणि तो निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पंधरा मिनिटं दम धरला असता तर सभा पूर्ण झाली असती.

शाळेत, ग्रामपंचायतीत, गणपतीच्या मंडपात मी बरीच वर्षं प्रोजेक्टर लावून देतो. "बिघडला" म्हणून बाजूला ठेवलेलं यंत्र बहुतेक वेळा चांगलं असतं. नडते ती वीज, जागा नाहीतर धूळ. म्हणून त्याच क्रमानं सांगतो.

लाईन जाणार हे धरूनच चला

लॅम्पच्या प्रोजेक्टरमधला लॅम्प फार तापतो. बटण दाबून बंद केलं की पंखा आणखी मिनिट-दोन मिनिटं फिरतो आणि ती आच बाहेर काढतो. लाईन गेली की लॅम्प आणि पंखा एकदमच थांबतात आणि सगळी आच आत कोंडते. असं वारंवार झालं की लॅम्पचं आयुष्य घटतं. कार्यक्रम संपल्यावर घाईत पिन उपटणारी माणसं नेमकं हेच नुकसान करतात. पंखा थांबेपर्यंत वायरला हात लावू नका.

यावर उपाय म्हणजे कॉम्प्युटरचा यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार घेतो आणि ३००० लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपासचा लॅम्पचा प्रोजेक्टर २५० ते ३०० वॅट ओढतो. एवढ्यावर अख्खा कार्यक्रम होत नाही, पण नीट बंद करण्यापुरती मिनिटं हमखास मिळतात. त्या यूपीएसवर एकटा प्रोजेक्टरच लावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि साउंडचा ॲम्प्लिफायर जोडला तर यूपीएस लगेच मान टाकतो.

मंडपात आकड्यावरून किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावरून लाईन घेऊ नका. अर्थिंग नसताना चालू यंत्रांत एचडीएमआयची केबल खुपसली की पोर्ट जळू शकतो, आणि तो दुरुस्त करायला तालुक्याला नाही, थेट नागपूर-अमरावतीला जावं लागतं. आधी केबल जोडा, मग वीज चालू करा. लाईन परत येताना व्होल्टेज उसळतो, त्यासाठी स्पाइक गार्डही हवा.

चित्र वाकडं दिसतं म्हणून मेनूत शिरू नका

"सर, चित्र वरून रुंद अन् खालून निमुळतं दिसून राह्यलं." हे मी प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. प्रोजेक्टर बुटक्या स्टुलावर असतो आणि पुढच्या पायाखाली वही सरकवून त्याचं तोंड वर केलेलं असतं. मग कुणीतरी रिमोट घेऊन कीस्टोन वाढवत नेतं. चौकट सरळ होते खरी, पण कीस्टोन म्हणजे चित्र आतल्या आत दाबून बसवणं, त्यात बारीक तपशील जातो. इंग्रजी अक्षरं एक वेळ चालून जातात. आपले अनुस्वार, रफार आणि मात्रा मात्र पुसट होतात, मागच्या बाकावरच्या पोराला "वंदन" आणि "वदन" सारखंच दिसतं.

त्याऐवजी टेबल उंच करा. बहुतेक प्रोजेक्टर सपाट ठेवले की चित्र आपोआप वरच्या बाजूला फेकतात, म्हणून भिंग पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीवर आणा. दोन बाक एकावर एक ठेवले तरी चालेल, पण हलता कामा नयेत. आडव्या दिशेनंही यंत्र पडद्याच्या बरोबर मध्यासमोर हवं. इतकं करून थोडा फरक उरला तरच कीस्टोनला हात लावा. छताला उलटा टांगला असेल तर मेनूत 'सीलिंग' निवडा, चित्र सुलटं होतं.

किती दूर ठेवायचा याचंही गणित सोपं आहे. पुस्तिकेत 'थ्रो रेशो', म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असतो. तो १.५ असेल तर ६ फूट रुंद चित्राला ९ फूट अंतर आणि ८ फुटाला १२ फूट. गावात हौस मोठ्या पडद्याची असते, पण ६ फुटांचं चित्र १२ फुटांचं केलं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. चित्र फिकं पडतं आणि दोष यंत्राला लागतो.

उजेड आणि भिंत

नागपूरकडे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या आसपास. पत्रिकेत वेळ छापण्याआधी एवढं पाहा, आणि मावळल्यावरही अर्धा तास सोडा. दिवसा वर्गात दाखवायचं असेल तर खिडक्यांना जाड सतरंजी लावा आणि ३००० एएनएसआय लुमेनच्या (म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेल्या लुमेनच्या) खालचं यंत्र घेऊ नका. ऑनलाइन जाहिरातीत लहानशा डब्यावर दहा हजार लुमेन लिहिलेलं असतं, त्यात 'एएनएसआय' हा शब्द आहे का ते बघा. तसंच '१०८०पी सपोर्टेड' म्हणजे मूळ रिझोल्यूशन तेवढं असतं असं नाही. 'नेटिव्ह' काय आहे ते विचारा.

चुन्यात नीळ घालून पोतलेली भिंत डोळ्याला पांढरी दिसते, पण तिच्यावर माणसांचे चेहरे निळसर येतात. ऑइलपेंटची भिंत चकाकते. सगळ्यात बरी पांढरी, चमक नसलेली डिस्टेंपरची भिंत. चादर वापरायची तर दुहेरी घ्या आणि खालच्या कडेला बांबू बांधा, नाहीतर वाऱ्यानं चित्र पोटात गेल्यासारखं होतं.

लॅपटॉप जोडला तरी 'नो सिग्नल'

विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा, मग प्रोजेक्टरवर सोर्स, म्हणजे कोणत्या केबलवरून चित्र घ्यायचं ते, तपासा. बहुतेकदा काम होतं. आवाज येत नसेल तर लॅपटॉपनं तो एचडीएमआयवरून प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे पाठवलेला असतो. आउटपुट बदलून साउंडला जोडा. मोबाइलला टाइप-सी असलं म्हणजे चित्र बाहेर जातंच असं नाही, ते आदल्या दिवशी तपासा.

शिक्षकांनी एक गोष्ट जरूर करावी. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं सादरीकरण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं की सगळी गिचमीड दिसते. घरूनच पीडीएफ करून न्या.

धूळ, कापूस आणि ऊन

वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या वाटेवरच्या शाळेत फिल्टर काढून पाहा. बोटभर रुईचा थर निघतो, गोधडीतून निघावा तसा. हवा कोंडली की यंत्र तापून आपोआप बंद पडतं. पिन काढून, यंत्र थंड झाल्यावर मऊ ब्रशनं फिल्टर झाडा. गॅरेजचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका, त्या झोतानं धूळ भिंगाच्या आत जाऊन बसते आणि चित्रात कायमचे डाग दिसतात.

बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. त्या दिवसांत दुपारचा कार्यक्रम घेऊच नका. पावसाळ्यात किडे उजेडावर येतात म्हणून कुणी यंत्रावर कापड टाकतं, तेही करू नका. यंत्रापासून लांब एक बल्ब लावून ठेवा, बरेचसे किडे तिकडे वळतात.

भाड्यानं आणताना पैसे देण्याआधी मेनूतले 'लॅम्प अवर्स' पाहा. अशा लॅम्पचं आयुष्य साधारण ३००० ते ६००० तासांचं असतं. आकडा ४००० च्या पुढे असेल तर तिथेच पांढरं पान लावून बघा. ते पिवळट दिसलं तर दुसरं यंत्र मागा.