मुळ्यांना पाण्याचा वास येत नाही! ठिबकवर झाडं वाढवताना या चुका टाळा

"मुळ्या पानीना वास लेतस, भाऊ," असं आमच्या अमळनेरकडे कुणीही ठासून सांगेल. त्याच भरवशावर मी लिंबाच्या बुंध्याशी एक ड्रिपर लावला आणि तीन वर्षं हलवलाच नाही. वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं झालं. उकरून पाहिलं, तर पांढऱ्या मुळ्यांचा सगळा गुंता घमेलंभर ओल्या मातीत. हातभर पलीकडे एकही नाही.

लांबचं पाणी मुळीला कळतच नाही. टोकाजवळची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी असेल, तर तेवढा फरक तिला कळतो. कोरड्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, ओल्या बाजूच्या कमी, म्हणून मुळी ओलीकडे वळते. १८७२ मध्ये झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने ओल्या भुशाच्या तिरप्या चाळणीत बी उगवलं. मुळ्या जाळीतून खाली आल्या आणि कोरडी हवा लागताच वळून पुन्हा चाळणीच्या ओल्या तळाला लागल्या. खाली जायचं सोडून!

म्हणून ड्रिपर बुंध्याशी कायमचा ठेवू नका. झाड वाढेल तशी नळी सावलीच्या कडेकडे सरकवा, दोन्ही अंगांना. ओल पुढे गेली की मुळी मागोमाग जाते. रोज पंधरा मिनिटं पाणी सोडायची सवयही मोडा; ओल वरच राहते, मुळ्याही वरच.

काळ्या जमिनीत सगळ्यात महाग पडते ती उलटी चूक. केळीची पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी सोडतो. चहूकडे चिखल झाला की वळायला फरक उरत नाही आणि श्वासाला हवाही नाही. आधी एक मुळी उपटून बघा. तपकिरी असेल आणि साल बोटांत निसटत असेल, तर पाणी बंद करा, वाफसा येऊ द्या, म्हणजे मातीत ओल राहून हवाही खेळेल. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वाफसा आला समजा.

जमिनीच्या भेगांकडेही दुर्लक्ष नको. मुळीला फाटे ओल्या मातीला टेकलेल्या बाजूने फुटतात, भेगेच्या पोकळीकडच्या बाजूने नाही. भेगा रुंदावण्याआधी कोळपं (वरची माती हलवायचं अवजार) फिरवा.

नव्या लिंबाला दोन ड्रिपर आहेत. यंदा दोन्ही वीतभर बाहेर सरकवले.