पुराचा इशारा वाचताना या चुका टाळा

दर जुलैत आमच्या गावच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. कुणीतरी रेड अलर्टचा स्क्रीनशॉट टाकतो, त्यावर तारीख नसते, आणि अर्ध्या तासात म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी माझं घर आहे आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी वहीत लिहायची माझी जुनी सवय आहे. इशारा मिळत नाही म्हणून आमच्याकडं फारसं अडत नाही. मिळालेला इशारा माणसं स्वतःच्या उंबऱ्याशी ताडून बघत नाहीत, तिथं अडतं.

मागच्या पुराची खूण धरून बसणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. 2019 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी धोक्याच्या वर जाऊन चढतच होतं. शेजारच्या आण्णांना सांगायला गेलो, तर ते पायरीवर बसून म्हणाले, "2005 ला हितवर आलं न्हवतं, आता कुठलं येतंय? सकाळी बघू." गल्लीत सगळ्यांचं माप तेच होतं, 2005 चं. मीही घरी येऊन झोपलो.

पहाटे हाक आली. आण्णांच्या गोठ्यात गुडघाभर पाणी आणि दोन म्हशी दाव्याला हिसके देत होत्या. दोर भिजून फुगलेला, गाठ दगडासारखी आवळलेली, बोटांना सुटेना. शेवटी विळ्यानं दावी कापली. जनावरं निघाली; वैरण, खताची पोती, धान्याची कणगी सगळं गेलं. त्या वर्षी पाणी 55 फुटांवर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, 56 फुटांच्याही वर. मागचा पूर ही पुढच्या पुराची हद्द नसते.

तेव्हापासून मी घराचा हिशेब फुटांत मांडलाय. किती फुटाला ओढ्याच्या मोरीत पाणी येतं, किती फुटाला रस्ता बंद होतो, किती फुटाला गोठा, हे वहीच्या पहिल्या पानावर आहे. 39 ला जनावरं हलतात, 41 ला धान्य आणि कागदपत्रं, 43 ची वाट न बघता माणसं. हे माझ्या घराचं. तुमचं घर खोलगट असेल तर आधी निघा. चढाचा वेगही लिहा. तीन तासांत दोन इंच आणि तीन तासांत एक फूट, या दोन वेगळ्या रात्री असतात.

इथं ऊन पडलंय म्हणून निर्धास्त होणं

आपल्या डोक्यावरचं आभाळ नदीला ठाऊक नसतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडच्या डोंगरातून येतं. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सातही उघडले की जवळपास 10 हजार. खाली नरसोबावाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून मी गावातला पाऊस शेवटी बघतो. आधी घाटातला पाऊस, मग किती दरवाजे उघडे, मग बंधारा.

रंग बघून शब्द न वाचणं

"रेड अलर्ट दिला आणि थेंब पडला नाही," ही तक्रार दरवर्षी ऐकतो. हवामान विभाग कोल्हापूरच्या घाटासाठी वेगळा इशारा देतो. तो घाटाचा असेल तर सपाटीवरच्या हातकणंगल्यात कोरडं राहू शकतं. "तुरळक ठिकाणी" म्हणजे फार तर पाव भागात. मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढं, अतिमुसळधार 115.6 पासून, आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. रंग सांगतो तुम्ही काय करायचं ते: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारी ठेवा, लाल म्हणजे कामाला लागा. इशाऱ्याच्या तीन ओळी वाचायला एक मिनिट लागतं. तेवढा धीर नसलेल्यांनी निदान फॉरवर्ड तरी करू नये.

बाकीच्या चुका

दहा दिवसांनंतरच्या पावसाचा परदेशी हवामान मॉडेलचा रंगीत नकाशा टाकून गाव घाबरवू नका. नवी पोरं चार ॲप घेतात आणि पहिल्याच आठवड्यात अंदाज सांगू लागतात. आधी एक पावसाळा नुसत्या नोंदी ठेवा, मग बोला.

तातडीचा इशारा, म्हणजे नाऊकास्ट, पुढच्या तीन तासांपुरता असतो. दुपारचा मेसेज रात्री पाठवू नका.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप चांगलं आहे, पण ते वाजल्यावर झाडाखाली थांबलात तर काय उपयोग? पक्क्या घरात जा.

पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. उथळ दिसलं तरी नाही.

आणि पाणी उतरायला लागलं की लगेच घरात शिरायची घाई नको. मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि ओसरल्यावर बसतात. मी आधी बाहेरून भिंतीची भेग बघतो, काठीनं कोपरे हलवून साप-विंचू बघतो, आणि मीटरच्या पेटीला वायरमन येईपर्यंत हात लावत नाही.