कानपिळीचा फोटो कोण काढणार? घरच्या लग्नात हौशी फोटोग्राफरने टाळायच्या चुका

धाकट्या बहिणीच्या लग्नाचे माझ्याकडे दोन हजारांवर फोटो आहेत, आणि त्यात कानपिळीचा एकही नाही. असणार कसा? नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो आणि तो भाऊ मीच. भटजींनी हाक मारली तेव्हा मी होमाच्या पलीकडे गुडघे टेकून फोकस लावत होतो. कॅमेरा खुर्चीवर ठेवला, उपरणं सावरलं, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, मग मेव्हण्यांचा कान धरला. सगळा मांडव हसला. पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर तेव्हा पंगतीत मठ्ठा पीत होता. अक्षता पडल्या म्हणजे मुख्य काम आटपलं, असं त्याला वाटलं असावं.

लग्न गुहागरजवळच्या आमच्या घरी होतं, मे महिन्यात, खळ्यात म्हणजे घरापुढच्या अंगणात मांडव घालून. त्यानंतर घरातली आणखी चार-पाच लग्नं मी टिपली. दर वेळी काही ना काही चुकलं, पण पाहिल्यावर लक्षात आलं की निम्म्या चुका कॅमेऱ्याच्या नव्हत्याच. आपण घरचे आहोत हे विसरल्यामुळे झालेल्या होत्या.

आपलं काम कुठे आहे ते आधी विचारून घ्या

तुम्ही नवरीचे मामा असाल तर तिला हात धरून मांडवात तुम्हीच आणणार. भाऊ असाल तर लाजाहोम आणि कानपिळी तुमची. करवली असाल तर विचारूच नका, कलश हातातून सुटणार नाही. तरीही हौशी माणूस लेन्स, बॅटरी, ट्रायपॉड सगळं जमवतो आणि 'त्या पाच मिनिटांत कॅमेरा कोणाकडे' हे ठरवत नाही.

आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आटपलं की भटजींजवळ दहा मिनिटं बसा. चार गोष्टी विचारा: नवरा-नवरी कुठल्या दिशेला तोंड करून उभी राहणार, अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार, होम जेवणाआधी की नंतर, आणि मला कधी कधी उठावं लागणार. भटजींना हे विचारणारा माणूस सहसा भेटत नाही, त्यामुळे ते खूश होऊन सांगतात. आमच्या भटजींनी तर मला 'इथे बस, धूर तुझ्याकडे येणार नाही' म्हणून जागाही दाखवली. ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

बदली माणूस घरातलाच धरा. दहा-बारा वर्षांचं पोर उत्तम, कारण त्याला कोणी 'जरा हे धर' म्हणून कामाला लावत नाही. त्याच्या हातात देण्याआधी कॅमेरा प्रोग्रॅम मोडवर आणा, आयएसओ ऑटो करा, म्हणजे उजेडाचा हिशोब कॅमेराच करील. आणि फोकस मागच्या बटणावर घेण्याची सवय असेल तर ती सेटिंग आठवणीने काढा. नाहीतर पोर बिचारं वरचं बटण दाबत राहील आणि पन्नासच्या पन्नास फोटो धूसर येतील.

झापांचा मांडव आणि कवडसे

आता पुष्कळ ठिकाणी ताडपत्री असते, पण आमच्याकडे पोफळीच्या खांबांवर नारळाचे झाप घालायची पद्धत अजून आहे. खाली गारवा असतो, वास छान येतो आणि फोटोची पार वाट लागते. झापांच्या फटींतून ऊन गळतं. नवरीच्या एका गालावर रुपयाएवढा पांढराफटक कवडसा, नाकावर दुसरा, बाकी चेहरा सावलीत. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेरा मात्र सावली पाहून उजेड वाढवतो आणि कवडसा जळून जातो. जळलेल्या जागी काहीच माहिती उरत नाही, त्यामुळे नंतर संगणकावर कितीही झटलात तरी तो गाल परत येत नाही.

उपाय दोन. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, कवडशाच्या बेताने धरा: उणे पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये काढा. सावलीतला भाग नंतर उजळता येतो. दुसरा उपाय मला काकांनी सुचवला आणि तो जास्त चांगला निघाला: आजोबांचं जुनं मऊ धोतर. नवरा-नवरी जिथे उभी राहणार त्याच्या वर, झापांच्या खाली, ते चारही बाजूंनी ताणून बांधलं. ऊन त्यातून गाळून आलं आणि खाली सगळीकडे सारखा, मऊ उजेड पडला. हजारो रुपयांचा पडदा घेतला असता तरी याहून वेगळं काही झालं नसतं. मात्र धोतर पांढरंच हवं. केशरी उपरणं बांधलंत तर नवरा-नवरी दोघंही केशरी.

ताडपत्री असेल तर गोष्ट रंगाची आहे. निळ्या ताडपत्रीखाली सगळं वऱ्हाड वैकुंठातून आल्यासारखं निळंसावळं दिसतं. डेकोरेशनवाल्याचं गुलाबी कापड असेल तर वर फ्लॅश मारण्याची चूक करू नका. छतावरून परतणारा उजेड गुलाबी होऊन येतो. पडवीची चुना दिलेली भिंत जवळ असेल तर फ्लॅशचं तोंड तिच्याकडे वळवा. हळदीच्या वेळी ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा. समोर पिवळं फार दिसलं की काही कॅमेरे ते 'दुरुस्त' करायला जातात आणि हळद फिकी पडते. हळदीतच कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घाला, लेन्सपुरतं भोक पाडून. फोटोग्राफरला हळद फासणं हा काही वहिनींचा हक्क असतो.

भर दुपारच्या मुहूर्तात आणखी एक अडचण. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे त्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. उघड्यावर उभं केलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खळगे दिसतात, वर मुंडावळ्यांची सावली. दोघांना पडवीच्या कडेला, सावलीत, खळ्याकडे तोंड करून उभं करा. खळ्यातून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो. जांभ्या चिऱ्याचं अंगण असेल तर त्याला किंचित लाली असते, आणि ती वाईट दिसत नाही.

लेन्सवर धुकं

ही चूक मी केली आणि वेळ पहाटेची होती. चोरी नको म्हणून रात्री कॅमेरा घरातल्या एकुलत्या एसी खोलीत ठेवला. सकाळी ग्रहमखाला बाहेर काढला तर सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे. मी लेन्स पुसली, पुन्हा धुकं. पुन्हा पुसली. मग, न करायचं तेच केलं: लेन्स काढून आत बघितलं. दमट हवा आतही गेली.

गार काचेवर किनाऱ्याची दमट हवा लागली की पाणी साठणारच. कॅमेरा बॅगेत, चेन लावून, अर्धा तास बाहेर ठेवा. बॅगेसकट तो हळूहळू गरम होतो आणि धुकं धरत नाही. धरलंच तर पुसू नका, थांबा. गाडीतल्या एसीलाही हाच नियम.

'तदेव लग्नं' ऐकू आलं की तयार

मंगलाष्टका किती चालतील याचा नेम नसतो. हौशी आत्या-मावश्या स्वतः रचलेल्या म्हणतात, एखादी कडवं विसरते, पुन्हा सुरुवात. तोवर हात दुखून कॅमेरा खाली येतो आणि नेमका तेव्हाच अंतरपाट निघतो. कान उघडे ठेवा. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू झालं की शेवट आला. तिथे कॅमेरा डोळ्याला लावायचा, शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून जलद, सलग फोटोंची सेटिंग चालू. फ्रेम मोकळी ठेवा, कारण हार घालताना हात डोक्याच्या वर जातात. पन्नास मिमीच्या लेन्सने जवळून काढायला गेलात तर मनगटं कापली जातात. क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर ती लेन्स पंचाहत्तर-ऐंशी मिमीसारखी वागते.

उभं राहू नका. मी राहिलो होतो. मागून थोरल्या काकूचा आवाज आला, "अरे मेल्या, तुझी पाठ बघायला आलोय का आम्ही?" बसून, नवरा-नवरीच्या छातीच्या उंचीवरून काढलेले फोटो चांगलेही येतात, आणि वर फेकलेल्या अक्षता आभाळासारख्या दिसतात. नंतर लेन्सच्या फटीत अडकलेले तांदूळ काढा. झूम फिरवताना करकर आवाज आला की समजा एक तरी दाणा आत आहे.

व्यावसायिक फोटोग्राफर असेल तर त्याच्या बाजूला उभं राहून 'ताई, इकडे' असं ओरडू नका. निम्म्या फोटोंत नवरी त्याच्याकडे बघते, निम्म्यांत तुमच्याकडे, आणि दोघांचेही अल्बम वाकडे. समोरची जागा त्याला द्या. तुम्हाला ठाऊक आहे की पाठवणीच्या वेळी बाबा न्हाणीघराच्या मागे जाऊन डोळे पुसणार. ते त्याला ठाऊक नाही.

होमात दोनच गोष्टी. धुरात फ्लॅश मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि फोकस धुरात हिंदकळतो, तेव्हा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा.

रात्री रोषणाईच्या एलईडी माळांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा मिचमिचतात. शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर आणा आणि सायलेंट शटर बंद करा. आवाज होऊ नये म्हणून पुष्कळ जण तो लावतात, आणि पट्टे त्यानेच जास्त येतात.

सगळ्यांचा एकत्र फोटो

जेवणानंतर काढू म्हणाल तर विसरा. मुंबईकर गाडी पकडायला निघालेले असतात, उरलेले पानसुपारी खाऊन माजघरात आडवे. सकाळी नाश्त्यानंतर, पडवीच्या पायऱ्यांवर, थोरल्या काकूने दिलेल्या यादीप्रमाणे. यादी काकूचीच हवी, कोण कोणाच्या शेजारी बसत नाही ते तिलाच माहीत. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ आठच्या आसपास ठेवा. पहिल्या वेळी मी एफ एक पॉइंट आठवर, म्हणजे भोक पार उघडं ठेवून काढला होता. पुढची रांग सुरेख, मागे उभे असलेले चारही काका धूसर. त्यातले एक आज नाहीत आणि सगळी भावंडं एकत्र असलेला तेवढा एकच फोटो आहे.

समुद्रावर जायचं तर तिथी बघा

दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं आणि किनारा जागेवर नव्हता. पाणी थेट सुरूच्या बनापर्यंत. शेजारचा खारवी (मच्छीमार) हसला: "आज अष्टमी ना!" कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, आणि मे महिन्यात सूर्य मावळतो सातच्या आसपास. पौर्णिमेच्या आगेमागे भरती अकरा-बाराला असते, संध्याकाळी ओहोटी, ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, त्यामुळे पाण्याकडे पाठ करून उभं केलेलं जोडपं काळं पडणारच. काळी आकृती हवी असेल तर उत्तम. चेहरे हवे असतील तर हलका फ्लॅश, किंवा पाणी बाजूला घेऊन उभं करा. वाळूत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. कॅमेरा आधी हवा मारायच्या रबरी फुंकणीने झटका, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने वाळू-मिठाचे चरे पडतात.

कार्ड, आणि पावसाळा

एकाच मोठ्या कार्डावर सगळं लग्न ठेवू नका. माझं कार्ड वरातीच्या वेळी एरर दाखवायला लागलं. नशिबाने तेवढं कळलं की आता त्यावर नवं काही लिहायचं नाही, फॉरमॅट तर नाहीच. कार्ड काढून खिशात ठेवलं, रात्री फोटोरेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने बहुतेक फोटो परत आले, नावं मात्र सगळी बदललेली. दोन वेगळ्या जागी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होतात आणि वर्षाने कोणीतरी तोच फोटो मोठा करून छापायला नेतं.

लग्न संपलं की बॅग कपाटात टाकायची आणि गणपतीत उघडायची, ही शेवटची चूक. मधल्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते. वाणसामानाचा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

गेल्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न झालं. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून कान पिळायला पुन्हा मीच. या वेळी कॅमेरा अकरा वर्षांच्या भाच्याकडे होता. फोटो वाकडा आलाय, मांडवाला बांधलेल्या केळीच्या खुंटाने तिसरा हिस्सा खाल्लाय, नव्या मेव्हण्यांच्या पगडीचा तुरा कापला गेलाय. पण कान हातात आहे, ते 'आई गं' करतायत, आणि मागे धाकटी बहीण तोंडावर पदर धरून हसतेय. छापायला काकूने तोच निवडला.