कॅलिफोर्नियात शाळेसाठी लसीतून वैद्यकीय सूट कशी मिळवावी

कॅलिफोर्नियात 2016 पासून धार्मिक किंवा वैयक्तिक मतामुळे लस नाकारून मुलाला शाळेत वा डे-केअरमध्ये घालता येत नाही. सूट मिळते ती फक्त वैद्यकीय कारणाने.

आधी बघा, मुलाला सूट हवी आहे की नुसते राहिलेले डोस. भारतातून आलेल्या मुलांचं बऱ्याचदा दुसरंच असतं. लसीकरणाच्या कार्डावर नवव्या महिन्यातली एमआर (गोवर-रुबेलाची लस) दिसते. इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, शिवाय एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते. मग एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस) घ्यायची, एवढंच. उरलेले डोस वेळेवर पुरे करण्याच्या अटीवर शाळा प्रवेश देऊ शकते.

सूट खरोखर लागते ती वेगळ्या मुलांना. आधीच्या डोसनंतर किंवा लसीतल्या जिलेटिन, निओमायसिनसारख्या घटकामुळे ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी) झालेलं मूल. केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेलं मूल, ज्याला एमएमआर आणि कांजिण्यांची जिवंत लस देत नाहीत. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीजचं औषध) दिलं असेल तर जिवंत लस काही महिने पुढे ढकलतात. सर्दी, किरकोळ ताप, चालू असलेलं अँटिबायोटिक ही कारणं चालत नाहीत. अंड्याची ॲलर्जी असली तरी एमएमआर देता येते.

आता कागदपत्रं. भारतातलं डिस्चार्ज कार्ड, जुन्या फाइली सगळं काढा. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहिलेलं पुरत नाही: कोणती लस, किती तारखेला, किती मिनिटांनी ओठ सुजले, श्वास लागला का, ॲड्रेनालिन द्यावं लागलं का, हे डॉक्टरांना दाखवता आलं पाहिजे.

2021 पासून नवी सूट राज्याच्या ‘केअर-एमई’ (CAIR-ME) वेबसाइटवरूनच मिळते. पालकांनी तिथे खातं उघडून अर्ज क्रमांक घ्यायचा आणि तो कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या डॉक्टरांना द्यायचा. भारतातल्या डॉक्टरांचं पत्र इथे चालत नाही. डॉक्टर ऑनलाइन फॉर्म भरतात; त्याचे पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. छापील प्रत शाळेत द्या. सूट फॉर्ममधल्या लसींपुरतीच असते, बाकीच्या घ्याव्याच लागतात.

तात्पुरती सूट जास्तीत जास्त एक वर्षाची. कायमची म्हणतात तीही किंडरगार्टन आणि सातवीच्या टप्प्यावर नव्याने घ्यावी लागते.

शाळेतलं लसीकरण 95 टक्क्यांच्या खाली असेल, किंवा सूट देणाऱ्या डॉक्टरांनी वर्षात पाच वा अधिक वेळा अशी सूट दिली असेल, तर राज्याचा आरोग्य विभाग फॉर्म तपासतो. सूट रद्द झाली तर 30 दिवसांत अपील करा. निकाल लागेपर्यंत मूल शाळेत जाऊ शकतं.

शाळेत गोवर निघाला तर सूट असलेल्या मुलाला 21 दिवसांपर्यंत घरी ठेवायला सांगू शकतात, तेव्हा कोण घरी थांबणार ते आधीच ठरवून ठेवा. आणि घरातल्या बाकी सगळ्यांच्या, भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांच्यासुद्धा, कोणत्या लसी राहिल्यात ते डॉक्टरांना विचारून पुऱ्या करून घ्या. ज्या मुलाला लस देता येत नाही, त्याच्याभोवती इतरांची लसच उभी असते.