वाडीच्या मंडळाचे ऑनलाइन दप्तर : परवानगी माणसाला नव्हे, पदाला द्यावी

कोकणातल्या बहुतेक वाड्यांचा कारभार दोन ठिकाणांहून चालतो. देवळाची डागडुजी, शिमग्याची पालखी, पाखाडीची (दगडी पायऱ्यांच्या वाटेची) दुरुस्ती आणि विहिरीचा उपसा हे गावातले ग्रामस्थ मंडळ पाहते, तर वर्गणी गोळा करणे, पावत्या फाडणे आणि हिशेब ठेवणे यांतला मोठा वाटा मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मुंबई मंडळाकडे असतो. हे सगळे दप्तर आता अनेक ठिकाणी गूगल ड्राइव्हच्या एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये गेले आहे. वर्गणीची शीट, सभासदांची यादी, सभांची इतिवृत्ते, बिलांचे फोटो, पालखी कोणत्या दिवशी कोणाच्या अंगणात जाणार याचा तक्ता, असे सारे काही त्यात असते. दापोली-गुहागरकडचा सचिव आणि विरार-डोंबिवलीचा खजिनदार एकाच वेळी एकाच शीटमध्ये नोंद करू शकतात, ही सोय खरोखर मोठी आहे. पण ज्याला त्यातले थोडेफार कळते त्याच्या वैयक्तिक खात्यावर फोल्डर तयार होतो, त्याची लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली जाते आणि कोणाला काय दिसावे, कोणी काय बदलावे, हा प्रश्न सभेपुढे कधी येतच नाही. तो प्रश्न कसा सोडवावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आरंभ संगणकावर न करता कागदावर करावा. मंडळातील पदे लिहून काढावीत आणि प्रत्येक पदासमोर त्याला कोणती फाइल केवळ पाहायची आहे, कोणत्या फाइलवर शेरा द्यायचा आहे आणि कोणती स्वतः बदलायची आहे, हे नमूद करावे. ज्या कामासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली स्पष्टपणे मांडले, आणि अधिकार व्यक्तीशी न जोडता भूमिकेशी जोडण्याची पद्धत डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून यांनी १९९२ साली सुसूत्र रूपात मांडली. मोठ्या बँकांच्या संगणकव्यवस्थेला जे लागू आहे ते चाळीस उंबऱ्यांच्या वाडीलाही लागू आहे, कारण दोन्हीकडे माणसे बदलतात आणि पदे राहतात.

येथे एक नाजूक बाब आहे आणि ती टाळून चालणार नाही. गावच्या कामात एखाद्याला बदल करण्याची परवानगी दिली नाही, की ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असा सूर लागतो. सभेत हे आधीच स्पष्ट करावे की परवानगी नसणे हे त्या माणसाचे संरक्षण आहे, कारण वर्गणीच्या रकमेत तफावत निघाली, तर ज्यांच्या हाती ती शीट बदलण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

ड्राइव्हमध्ये मुख्यतः चार भूमिका आहेत. व्ह्यूअरला फक्त पाहता येते, कमेंटरला पाहून शेरा देता येतो, एडिटरला मजकूर बदलता येतो आणि ओनर हा फाइलचा धनी असतो. यांतली कमेंटर ही भूमिका आपल्याकडे जवळजवळ कोणी वापरत नाही, आणि मंडळाच्या हिशेबाला तर तीच सर्वांत उपयोगी आहे. हिशेब तपासनिसाला कमेंटर करावे, म्हणजे ‘या पावतीचा क्रमांक पावतीपुस्तकाशी जुळत नाही’ असा शेरा तो नेमक्या त्या चौकटीवर नोंदवू शकतो; आकडा मात्र खजिनदारच दुरुस्त करतो आणि शंका व तिचे उत्तर दोन्ही शीटला जोडलेले राहतात. तपासणाऱ्यानेच आकडा बदलला, तर ती तपासणी राहत नाही.

फोल्डरची रचना करताना हे ध्यानात ठेवावे की वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या प्रत्येक फाइलपर्यंत झिरपते. त्यामुळे एकच मोठा फोल्डर करून त्याच्या पोटात ‘गोपनीय’ नावाचा दुसरा फोल्डर ठेवण्याचा मोह टाळावा आणि तीन फोल्डर परस्परांपासून अगदी वेगळे करावेत. पहिला सर्व सभासदांचा, ज्यात पालखीचा तक्ता, सभेच्या सूचना आणि संमत झालेली इतिवृत्ते असतील, दुसरा कार्यकारिणीचा, आणि तिसरा फक्त हिशेबाचा. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. आधार कार्डाच्या प्रती कोणत्याच फोल्डरमध्ये ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी वाडीच्या वर्गणीसाठी कोणाचा आधार क्रमांक लागतच नाही.

आता मालकीचा प्रश्न, जो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. मंडळाच्या नावाने स्वतंत्र गूगल खाते उघडावे आणि तिन्ही फोल्डर त्या खात्यातून तयार करावेत. एवढ्याने काम पुरे होत नाही, कारण साध्या ड्राइव्हमध्ये फोल्डर मंडळाचा असला, तरी त्यात खजिनदाराने स्वतःच्या खात्यातून नवी शीट तयार केली, तर त्या शीटचा ओनर खजिनदारच असतो. ती त्याच्याच १५ जीबी विनाशुल्क जागेत मोजली जाते आणि पुढे त्याने आपले खाते बंद केले, तर ती शीटही जाते. म्हणून वर्गणीची शीट, सभासदांची यादी आणि इतिवृत्ताची फाइल या मूळ फाइली मंडळाच्या खात्यातूनच तयार कराव्यात आणि इतरांना त्यांत एडिटर म्हणून घ्यावे. ज्या जुन्या फाइली कोणाच्या वैयक्तिक खात्यात आहेत त्यांची मालकी शेअरच्या खिडकीतून मंडळाच्या खात्याकडे हस्तांतरित करता येते; मात्र वैयक्तिक खात्यांमध्ये समोरच्या खात्याने ती विनंती स्वीकारावी लागते, तोवर हस्तांतर पूर्ण होत नाही.

मंडळाच्या खात्याचा पासवर्ड सर्वांनी मिळून वापरू नये. तसे केले, तर प्रत्येक बदल मंडळाच्याच नावावर दिसतो आणि तो कोणाच्या हातून झाला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. हे खाते अध्यक्ष आणि सचिव या दोघांपुरतेच ठेवावे, त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डानंतर फोनवरून होणारी दुसरी खात्री) लावावी आणि फोन हाताशी नसताना वापरण्यासाठी गूगल देते ते १० बॅकअप कोड कागदावर छापून, सीलबंद पाकिटात, मंडळाच्या कपाटात ठेवावेत, म्हणजे ज्याच्या फोनवर पडताळणीचा संदेश येतो तो समुद्रावर असला किंवा परगावी असला, तरी काम अडणार नाही. दोन वर्षे काहीच वापर न झालेले खाते गूगल काढून टाकू शकते, त्यामुळे या खात्यात अधूनमधून प्रवेश करणे हेही सचिवाचे काम समजावे. मंडळ धर्मादाय म्हणून नोंदणीकृत असेल, तर गूगलच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या विनाशुल्क वर्कस्पेस (संस्थेच्या नावाने ईमेल व ड्राइव्ह देणाऱ्या) योजनेसाठी अर्ज करून पाहावा. त्यात शेअर्ड ड्राइव्ह मिळतो, आणि तेथील फाइल कोणा व्यक्तीची नसून संस्थेचीच असल्यामुळे वरचा सारा खटाटोप वाचतो.

परवानगी पदाला द्यायची ती प्रत्यक्षात कशी? यासाठी गूगल ग्रुप्स, म्हणजे अनेकांच्या ईमेल पत्त्यांना मिळून एकच पत्ता देणारी सोय, वापरावी, आणि ग्रुप साध्या खात्यावरूनही विनाशुल्क करता येतो. खजिनदार, कार्यकारिणी आणि हिशेब तपासनीस असे तीन ग्रुप मंडळाच्या खात्यातून तयार करावेत, प्रत्येकात त्या त्या पदावरील माणसांचे ईमेल पत्ते घालावेत आणि फोल्डर शेअर करताना व्यक्तीचा पत्ता न लिहिता ग्रुपचा पत्ता लिहावा. पुढे खजिनदार बदलला, की एकही फाइल उघडावी लागत नाही. ग्रुपमधून जुने नाव काढून नवे घातले, की हिशेबाच्या सर्व फाइलींवरचा अधिकार त्याच्याबरोबर सरकतो. मात्र ग्रुप करताना ‘कोण सामील होऊ शकते’ या ठिकाणी फक्त निमंत्रितांनाच प्रवेश ठेवावा. तेथे कोणालाही सामील होता येईल असे राहून गेले, तर हिशेबाचे दार ग्रुपच्या वाटेने उघडे पडते.

लिंकविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. शेअरच्या खिडकीत खालच्या बाजूला ‘जनरल ॲक्सेस’ असा भाग असतो. तेथे ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल, तर ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनाच फाइल उघडते. ‘लिंक असलेले कोणीही’ असे असेल, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, मग तो वाडीचा असो वा नसो. यादीतून एखाद्याचे नाव काढले आणि हा भाग तसाच उघडा ठेवला, तर त्या नाव काढण्याला काहीच अर्थ राहत नाही, कारण जुनी लिंक त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये असतेच. पालखीचा तक्ता लिंकने खुला ठेवायला हरकत नाही, पण तोही केवळ पाहण्यापुरता. हिशेबाची शीट लिंकवर एडिटर म्हणून कधीही खुली करू नये; तेथे आपल्या गूगल खात्यात प्रवेश न करता बदल करणाऱ्याचे नावसुद्धा नोंदले जात नाही.

त्याच खिडकीतले दातेरी चाक उघडले, की आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे एडिटरांना इतरांना प्रवेश देण्याची मुभा, जी मुळात चालू असते. ती बंद करावी, नाहीतर आपण एकाला एडिटर केले, की त्याने आणखी कोणाला केले हे आपल्या हाती राहत नाही. फोल्डरवर ही मुभा बंद केली म्हणजे आतल्या फाइलींवरही झाली असे न मानता महत्त्वाच्या फाइलींत ती पुन्हा तपासावी. दुसरी म्हणजे पाहणाऱ्यांना डाउनलोड, छपाई आणि प्रत काढण्याची मुभा. तीही बंद करता येते, पण पडद्याचा फोटो कोणीही काढू शकतो. त्यामुळे जे बाहेर जाऊ नये ते दाखवूच नये.

शीटच्या आतही विभागणी करता येते. वर्गणीच्या शीटमध्ये वाडीप्रमुखाला आपल्या वाडीच्या रकमा भरायच्या आहेत, पण एकूण बेरजेच्या सूत्राला त्याचा हात लागू नये, अशा वेळी डेटा मेनूतून त्या चौकटी संरक्षित कराव्यात आणि बदलण्याचा अधिकार खजिनदाराकडेच ठेवावा. हे काम फोनवर न करता संगणकावर करावे. संरक्षणाचा उपयोग चुकून होणारी मोडतोड टाळण्यापुरताच आहे, माहिती लपवण्यासाठी नाही. लपवलेला टॅब किंवा संरक्षित चौकट गोपनीय समजू नये, कारण पूर्ण शीटची प्रत काढणाऱ्याच्या हाती तेही जाते.

एखादा आकडा बदललेला दिसला, की लगेच ग्रुपवर विचारणा करू नये. एडिटर असलेल्याने त्या चौकटीवर उजवी कळ दाबून ‘शो एडिट हिस्टरी’ पाहावे. आधी काय होते, कोणी बदलले आणि केव्हा, हे तेथे दिसते. पुष्कळदा पाचशेचे पन्नास झालेले असतात ते फोनवर बोट घसरल्यामुळे. पूर्ण शीट बिघडली असेल, तर व्हर्जन हिस्टरीतून (फाइलच्या जुन्या अवस्थांच्या नोंदीतून) आदल्या दिवशीची अवस्था परत आणता येते. काढून टाकलेली फाइल ओनरच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, त्यानंतर ती कायमची जाते; म्हणून काही हरवल्याचे लक्षात आले, की तपास त्याच आठवड्यात करावा.

नवी कार्यकारिणी निवडून आली, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेला ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. ऑनलाइन दप्तरासाठी एवढे थांबू नये. सभा संपल्यावर त्याच दिवशी, जुने आणि नवे पदाधिकारी समोरासमोर असताना, ग्रुपमधली नावे बदलावीत, मंडळाच्या खात्याचा पासवर्ड व पडताळणीचा क्रमांक बदलावा, जुने बॅकअप कोड रद्द करून नवे छापावेत आणि तिन्ही फोल्डरांची शेअरची यादी मोठ्याने वाचून दाखवावी. यादीत एखादे सुटे वैयक्तिक नाव आढळले, तर ते का आहे हे विचारून काढावे किंवा योग्य ग्रुपमध्ये घ्यावे. हे सारे केल्याची एक ओळ इतिवृत्तात लिहावी.

मार्चअखेरचा ताळेबंद संमत झाला, की त्या वर्षाच्या शीटची पीडीएफ प्रत काढून सर्वांच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मूळ शीट हिशेबाच्या फोल्डरमधून बाहेर काढून (नाहीतर फोल्डरची परवानगी तिच्यावर झिरपतच राहते) तिच्यावर खजिनदारासह सर्व ग्रुपना केवळ व्ह्यूअर करावे. नव्या वर्षाची नोंद नव्या शीटमध्ये, मंडळाच्या खात्यातून सुरू करावी.