ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी पोर्टांची तयारी

कार्डाची चौकशी सुरू करण्याआधी मॉनिटर फिरवून त्याच्या मागे कोणकोणती पोर्ट आहेत ते पाहावे आणि प्रत्येक पोर्टाची आवृत्ती, मॉनिटरचे रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या पिक्सेलांची संख्या) व रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, तो हर्ट्झमधील आकडा) एका कागदावर उतरवून घ्यावेत. पोर्टावर आवृत्ती सहसा छापलेली नसते, म्हणून मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या माहितीपत्रकात ती शोधावी. येत्या दोन-तीन वर्षांत मोठा मॉनिटर किंवा टीव्ही घेण्याचा विचार असेल तर त्याचीही नोंद त्याच कागदावर असावी, कारण कार्ड बहुधा मॉनिटरच्या एका बदलाहून जास्त काळ वापरले जाते.

यानंतर थोडा गुणाकार करावा. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वाधिक उपयोगी पडणारे काम हेच आहे. आडव्या आणि उभ्या पिक्सेलांची संख्या, रिफ्रेश रेट आणि प्रत्येक पिक्सेलचे बिट यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती डेटा वाहून न्यावा लागेल याचा अंदाज येतो. २५६० बाय १४४० चा मॉनिटर १६५ हर्ट्झवर २४ बिट रंगांत चालवायचा झाल्यास हा आकडा सुमारे १४.६ गिगाबिट येतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही चित्र पाठवणारी आजची दोन मुख्य पोर्ट. एचडीएमआय २.० ची घोषित क्षमता १८ गिगाबिट असली तरी प्रत्यक्ष चित्रासाठी १४.४ गिगाबिटच उरतात, त्यामुळे त्या पोर्टावर असा मॉनिटर १४४ हर्ट्झवर अडकतो, डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये मात्र २५.९२ गिगाबिट उपलब्ध असल्याने तोच मॉनिटर पूर्ण वेगाने चालतो. फोर-के (३८४० बाय २१६०), १४४ हर्ट्झ आणि ३० बिट रंग असा हिशेब केला तर जवळपास ३५.८ गिगाबिट लागतात, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ लाही डीएससी या कॉम्प्रेशनचा, म्हणजे चित्राचा डेटा दाबून पाठवण्याच्या पद्धतीचा, आधार घ्यावा लागतो आणि तेव्हा मॉनिटरही डीएससी समजणारा आहे ना, हे तपासावे लागते. डीएससीमुळे चित्र बिघडेल ही भीती नेहमीच्या वापरात बाळगण्याचे कारण नाही. केवळ डिस्प्लेपोर्ट २.१ मिळावे म्हणून महागडे कार्ड घेणे बहुतेकांना अनावश्यक आहे. शिवाय २.१ लिहिलेली सगळी पोर्ट सारख्या वेगाची नसतात: एएमडीच्या आरएक्स ७९०० मालिकेतील कार्डांवर ती ५४ गिगाबिटपर्यंत जातात, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत ८० गिगाबिटपर्यंत.

एचडीएमआयच्या बाबतीत आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. २.१ मध्ये ४८ गिगाबिटपर्यंतची सोय असली तरी तिच्यातील बरीच वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत, त्यामुळे मॉनिटरच्या माहितीपत्रकात नुसते २.१ लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष वेग किती, हे स्वतंत्रपणे शोधावे. टीव्ही जोडायचा असेल तर हे पोर्ट लागणारच, कारण टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळपास नसतेच. माझ्या परिचयातील एका डीटीपी करणाऱ्यांनी फोर-के मॉनिटर एचडीएमआय १.४ च्या जुन्या कार्डाला जोडला होता. चित्र स्वच्छ दिसत होते, पण ३० हर्ट्झच मिळत असल्याने माउसचा बाण हाताच्या मागे ओढल्यासारखा चाले आणि पानाची मांडणी करताना डोळे दुखत. लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: एएमडीच्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्यास या पोर्टाचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला, म्हणून तेथे डिस्प्लेपोर्टाला पहिली पसंती द्यावी.

पडदे किती जोडायचे, हेही आधीच ठरवावे. तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय ही आजची नेहमीची मांडणी आहे. एकच एचडीएमआय असताना टीव्हीही हवा आणि एचडीएमआयचाच दुसरा मॉनिटरही हवा, अशी वेळ आली तर डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआय काढणारा साधा कन्व्हर्टर बहुतेक कार्डांवर चालतो. उलट दिशेने, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात जायचे असेल तर साध्या केबलने काम होत नाही, त्यासाठी सिग्नलचे रूपांतर स्वतः करणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टर घेताना ही दिशा दुकानदाराला स्पष्ट सांगावी.

महाविद्यालयात किंवा सभागृहात व्हीजीए या जुन्या पोर्टाचा प्रोजेक्टर अजून वापरात असेल, तर त्यासाठी जुने कार्ड शोधत बसू नये. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून डीव्हीआय या जुन्या पोर्टातून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल मिळेनासा झाला, म्हणून डीव्हीआयवर बसणारा व्हीजीएचा छोटा जोड त्यात शिरतही नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर पुरेसा होतो. यूएसबी-सी पोर्ट आरटीएक्स २० मालिकेतील अनेक कार्डांवर होते, पण ३० मालिकेत ते काढून टाकण्यात आले, त्यामुळे केवळ यूएसबी-सीने चालणारा मॉनिटर असेल तर दोन्ही दिशांनी चालणारी केबल आधी शोधावी आणि मगच कार्ड निवडावे.

केबलही यादीत लिहावी. एचडीएमआयसाठी अल्ट्रा हाय स्पीड असे प्रमाणित लेबल पाहावे, आणि पूर्ण वेग हवा असेल तर केबल गरजेपेक्षा लांब घेऊ नये. कार्ड बसवल्यावर केबल मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, तर कार्डाच्याच पोर्टात लावावी. ज्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, तेथे मदरबोर्डच्या पोर्टातून काहीच दिसत नाही आणि कार्डच बिघडले असा गैरसमज होतो. चित्र आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवरच राहिलेला नाही ना, हे पाहावे आणि कागदावर लिहिलेला आकडा तेथे निवडावा.